शिबिराला किती आल्या ते कळलं, पुढे त्यांचं काय झालं?

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

मागच्या अंकात बायकांच्या हृदयविकाराबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले. लक्षणं काय, कोलेस्टेरॉल किती असावं, हे नेहमीचे प्रश्न होतेच, पण यावेळी बऱ्याचजणींनी वेगळंच विचारलंय. आम्ही मंडळात, वस्तीत, ऑफिसात काहीतरी करतोय, पण त्याचा खरंच उपयोग होतोय का हे कळणार कसं? हा प्रश्न स्वतःला विचारणारे लोक मला फार कमी भेटलेत, म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या आरोग्याच्या कामांच्या नोंदी ठेवण्यात आणि तपासण्यात माझी वर्षं गेली, त्यातून जे कळलं ते सांगते. गोळी सुरू करायची की बंद, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : आमचं लालबागला महिला मंडळ आहे. तीन वर्षं आम्ही बायकांच्या हृदयासाठी शिबिरं घेतोय, 312 जणींची तपासणी झाली, आहारावर भाषणं झाली, योगाचे वर्ग चालू आहेत. आता पैसे देणारी कंपनी म्हणते की यामुळे किती हार्ट अटॅक टळले त्याचा रिपोर्ट द्या. काय लिहायचं? (मंडळाच्या सेक्रेटरी, लालबाग)

ताई, तो आकडा लिहू नका. तुम्ही कुठे कमी पडलात म्हणून नाही, एवढ्याशा कामात तो आकडा कुणाकडेच नसतो. हिशोब करून बघा. तुमच्या 312 बायका, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या असतील. समजा अशा शंभरातल्या पाचजणींना पुढच्या दहा वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोक येणार असं धरलं, तर तुमच्याकडे दहा वर्षांत पंधरा-सोळा झाले, म्हणजे वर्षाला एखाद-दोन. तुमचं काम अगदी उत्तम झालं आणि त्यातला पाचवा हिस्सा टळला तरी दहा वर्षांत तीन. त्या तिघी कोण ते कसं ओळखणार? आणि मधल्या काळात कोणी विरारला राहायला गेली, कोणी कायमची गावी गेली, त्यांचं काय झालं ते तुम्हाला कोण कळवणार?

चीनमध्ये नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं मीठ देऊन बघितलं होतं. 600 गावं, जवळपास 21 हजार माणसं, त्यातल्या बहुतेकांना आधी स्ट्रोक होऊन गेलेला म्हणजे धोका मोठाच, आणि त्यांच्या मागे पाचेक वर्षं राहिले तेव्हा कुठे 2021 साली ठामपणे सांगता आलं की स्ट्रोक 14 टक्क्यांनी कमी झाले. (हे मीठ किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.) एवढी माणसं आणि एवढी वर्षं मंडळाकडे नसतात, कंपनीकडेही नसतात, त्यामुळे तो हट्ट दोघांनीही सोडावा.

मग मोजायचं काय? तर बीपी. बीपीच का, तर तिथे पुरावा पक्का आहे. जगभरातल्या शंभराहून जास्त चाचण्या एकत्र करून 2016 मध्ये जे गणित मांडलं गेलं त्यात वरचा आकडा 10 ने उतरवला की हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठे झटके साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात असं दिसलं. म्हणजे तुम्ही बायकांचं बीपी खरोखर खाली आणलंत आणि तिथे टिकवलंत तर पुढचा फायदा होणार हे माहीत आहे, तो तुम्ही स्वतः वेगळा सिद्ध करायची गरज नाही. फक्त बीपी खरोखर खाली आलं का, ते प्रामाणिकपणे दाखवा.

आणि इथेच बहुतेक रिपोर्ट फसतात. समजा तुमच्या 312 मध्ये 96 जणींना बीपी निघालं. हे काही जास्त नाही, 2021 मध्ये महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेने मुंबईत जो सर्व्हे केला त्यातही मोठ्या माणसांत साधारण तिनातल्या एकाला बीपी सापडलं होतं. आता सहा महिन्यांनी फेरतपासणीला 40 आल्या आणि त्यातल्या 30 जणींचं 140/90 च्या खाली होतं. रिपोर्टमध्ये काय लिहितात? 75 टक्के बायकांचं बीपी कंट्रोलमध्ये! अहो पण 96 होत्या ना? 96 पैकी 30, म्हणजे 31 टक्के. बाकीच्या 56 जणी आल्याच नाहीत, त्यांना हिशोबातून पुसून टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

सरकारचा बीपीचा जो कार्यक्रम 2017 च्या शेवटी सुरू झाला, ज्यात पहिल्या टप्प्यापासून महाराष्ट्र आहे, त्यात हीच शिस्त पाळतात. दर तीन महिन्यांनी बघायचं, नाव नोंदवलेल्यांपैकी कितीजणांचं बीपी आटोक्यात, कितीजणांचं नाही, आणि कितीजण आलेच नाहीत. न आलेले एकूणात धरायचेच, वगळायचे नाहीत. तुम्हीही तेच करा, तीन रकाने पुरेत.

31 टक्के लिहायला हात अडखळेल, मला माहितीये. पण खरं काम त्या 56 जणींकडेच आहे हो. एकदा मी एका आरोग्य सेविकेबरोबर अशाच न आलेल्या बायकांच्या घरी फिरले होते, दोन दुपारी. पहिल्या घरी बाई म्हणाली डोकं दुखायचं थांबलं म्हणून गोळी बंद केली, बीपीची गोळी तिला डोकेदुखीची वाटली होती, तिला तसं समजावलंच नव्हतं कुणी. दुसरी बाई चार घरचा स्वयंपाक करायची, एक वाजता मोकळी व्हायची आणि दवाखान्यात केसपेपर निघायचे बारापर्यंत. आणि तिसऱ्या घरी फ्रीजवर स्टीलच्या वाटीत एक स्ट्रिप होती, अर्धी रिकामी. म्हटलं कुणाची? तर दोघांची. नवऱ्यालाही बीपी, त्याची गोळीही तीच, मग एकाच स्ट्रिपमधून एक दिवस त्याने घ्यायची आणि एक दिवस हिने. रजिस्टरमध्ये हिच्या नावापुढे "औषध चालू" असं लिहिलेलं होतं. त्या वाटीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या ट्रेनिंगने शिकवलं नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये अशी कारणं लिहा, प्रत्येक कारणापुढे किती बायका ते लिहा. पुढच्या वर्षी काय बदलायचं ते त्यातूनच कळेल. समजा वीसजणी वेळेमुळे येत नसतील तर संध्याकाळी सात वाजता मंडळाच्या खोलीत मशीन घेऊन बसा, आणखी एक भाषण ठेवून त्या येणार नाहीत.

प्रश्न : मी गोवंडीत आरोग्य सेविका आहे. शिबिरात ज्यांचं बीपी खूप निघालं त्यांना आम्ही महिन्याने परत तपासलं तर बऱ्याचजणींचं आपोआप कमी झालेलं, काहींनी तर गोळी सुरूच केली नव्हती. आमच्या समजावण्याचा परिणाम म्हणायचा का?

थोडा असेल, पण सगळा नाही, आणि हे तुम्ही विचारलंत याचं मला कौतुक वाटलं. बीपी दिवसभर वरखाली होत असतं. शिबिराच्या दिवशी ज्यांचा आकडा वर सापडला नेमक्या त्यांनाच आपण निवडतो, त्यातल्या काहींचा तो त्या दिवसापुरताच वर गेलेला असतो. महिन्याने तो आपल्या जागी येतो, आपण काही केलं नसतं तरी आला असता. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या 30 ग्रामीण वस्त्यांत दोन वर्षं एक मोठा प्रयोग झाला, 2020 मध्ये त्याचे निकाल आले. तुमच्यासारख्याच आरोग्य सेविका घरोघरी जाऊन बीपी मोजायच्या, समजवायच्या, गरज असेल त्यांना डॉक्टरकडे पाठवायच्या. तिथे वरचा आकडा सरासरी 9 ने उतरला. पण ज्या वस्त्यांत असं काहीच वेगळं केलं नव्हतं तिथेही तो जवळपास 4 ने उतरला! म्हणून खरा फायदा 9 नाही, 5 धरला गेला. आणि 5 सुद्धा खूप आहे, सेविकांच्या पायपिटीने एवढा फरक पडतो हे तिथे सिद्ध झालं, हे तुमच्या साहेबांना जरूर सांगा.

तुम्हाला दुसरी वस्ती तुलनेला मिळणार नाही, ठीक आहे. मग एवढं तरी करा की शिबिरातला एकच आकडा "आधीचा" म्हणून धरू नका. वेगळ्या दिवशी परत मोजा, आणि तो दुसऱ्या दिवशीचा आकडा सुरुवातीचा धरा. फरक लहान दिसेल, पण खरा दिसेल.

दुसरं म्हणजे मोजायची पद्धत. तुम्ही रोज करता, तरी सांगते, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. एकदा एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाण्याची कळशी घेऊन चढलेल्या बाईला दारातच खुर्चीवर बसवून पट्टा बांधला, तोही साडीच्या ब्लाऊजच्या बाहीवरून, आणि आकडा आला 168. ती बिचारी इतकी घाबरली. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, गप्प बसवलं, बाही वर घेतली, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला, परत मोजलं तर 146. एकाच बाईचे, एकाच खोलीतले, दहा मिनिटांतले दोन आकडे. पहिला लिहिला असता आणि पुढच्या महिन्यात नीट बसवून मोजलं असतं तर 22 ने कमी झालं म्हणून आपण खूश झालो असतो. चहा आणि मिश्री अर्ध्या तासात झालेली नको, लघवीला जाऊन आलेली असावी, जाड दंडाला मोठा पट्टा हवा नाहीतर आकडा उगाच जास्त येतो, आणि मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजायचंच.

अजून एक, तुमचं जुनं रजिस्टर उघडून बघा. सगळे आकडे 120/80, 130/80, 140/90 असे शून्यावरच संपत असतील तर ते अंदाजाने लिहिलेत. मशीन 137 पण दाखवतं, 143 पण दाखवतं. मी कुठलंही रजिस्टर हातात घेतलं की आधी शेवटचा अंक बघते.

आणि महिना बघा. उन्हाळ्यात बीपी थोडं उतरतं, थंडीत चढतं. जानेवारीत पहिलं मोजलंत आणि मे मध्ये दुसरं, तर उकाड्याचं श्रेय कार्यक्रमाला जाईल. तसंही मे मध्ये आणि गणपतीत अर्धी वस्ती गावाला असते, तेव्हा फेरतपासणी ठेवूच नका. जानेवारीची तुलना जानेवारीशी.

प्रश्न : मी मुलुंडला शिक्षिका आहे. पालक महिलांसाठी हृदयाच्या आरोग्यावर तीन सेशन घेतली. आधी आणि नंतर प्रश्नपत्रिका दिली, सरासरी 10 पैकी 4 वरून 9 वर गेली. हा चांगला रिझल्ट आहे ना?

तुमचं शिकवणं चांगलं झालं एवढं कळलं. पण मीठ कमी खावं हे माहीत असणं आणि भाजीत कमी पडणं यात फार अंतर आहे, कारण घरात सासरे असतात, मुलं असतात, आणि अळणी झालं की ऐकून घ्यावं लागतं ते बाईलाच.

तुम्ही एक करा. मिठाचा नवा पुडा उघडला की त्यावर पेनने तारीख लिहायला सांगा, बस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चारजणांचं घर असेल तर दिवसाला 20 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 50 दिवस जायला हवा, आणि खरं तर त्याहून जास्त, कारण पापड, लोणचं, फरसाण, सुकट, सुके बोंबील, पाव, बिस्किटं यातलं मीठ वेगळंच असतं. तुमच्या बायकांचा पुडा किती दिवसांत संपतो ते विचारा, मग तीन महिन्यांनी परत विचारा. मासे धुवायला, लोणचं घालायला मीठ जातं तेही विचारून वजा करा. अगदी काटेकोर नाही हे माप, पण स्वयंपाकघरात काय बदललं ते यात दिसतं, प्रश्नपत्रिकेत दिसत नाही. आणि बायकांना ते आवडतं, एकमेकींना विचारतात तुझा पुडा किती दिवस गेला.

तंबाखूबद्दल पण एक सांगते, "तंबाखू खाता का" असं विचारू नका. नाहीच म्हणतील, आणि खोटं नाही बोलत त्या, त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नाहीच, ती दात घासायची असते. "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा" असं विचारा. दिवसातून पाच वेळा दात घासणाऱ्या बायका मी बघितल्यात.

प्रश्न : माझ्या आईने सोसायटीच्या शिबिरात तपासणी केली होती, ईसीजीसकट सगळं नॉर्मल आलं. दोन महिन्यांनी तिला अटॅक आला. आदल्या रात्रीपासून दम लागत होता आणि जबडा दुखत होता, पण रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून आम्ही ॲसिडिटी समजलो. आता घरी आहे, बरी आहे. पण मग अशा कार्यक्रमांचा उपयोग काय? (बोरिवली)

आई घरी आली हे वाचून आधी बरं वाटलं. तुमचा राग मला कळतो, आणि तो मी कार्यक्रम करणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचवतेय म्हणून हे पत्र छापलंय.

आरामात झोपवून काढलेला ईसीजी त्या क्षणाचं सांगतो. पुढच्या दोन महिन्यांची हमी त्यात नसते, हे आईला कागद हातात देताना सांगायला हवं होतं. माझ्या मते शिबिराच्या कागदावर "नॉर्मल" हा शब्द लिहूच नये. आकडे लिहावेत, आणि खाली ठळक लिहावं की दम लागला, छाती भरून आली, जबडा, पाठ किंवा हात दुखला, घाम फुटला, मळमळलं, तर हा कागद विसरा आणि 108 ला फोन करा. छातीत दुखणं बायकांमध्येही सगळ्यात जास्त दिसणारं लक्षणच आहे, पण त्याच्याबरोबर किंवा त्याच्याशिवाय ही बाकीची बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त येतात, आणि ती पित्तावर, थकव्यावर, टेन्शनवर ढकलली जातात.

आईला कुणी विचारलं होतं का, की बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? तेव्हा शुगर निघाली होती का? पाळी चाळिशीच्या आत गेली का? गरोदरपणात बीपी वाढून त्रास झालेला असेल तर पुढे आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, आणि हा प्रश्न विचारायला एक पैसा लागत नाही, तरी बहुतेक शिबिरांच्या फॉर्मवर तो नसतो. पुरुषांसाठी बनवलेला फॉर्म बायकांना देतात, वरचं शीर्षक तेवढं बदलतात. हे मला मनापासून खटकतं.

आणि म्हणून कार्यक्रम करणाऱ्यांनी मोजायची अजून एक गोष्ट सांगते, वेळ. ज्या बायकांना त्रास झाला त्यांनी त्रास सुरू झाल्यापासून किती तासांनी दवाखाना गाठला? पहिला फोन कुणाला केला? नवरा कामावरून यायची वाट बघितली का? तुमच्या आईच्या बाबतीत ती अख्खी रात्र होती. तुमच्या सोसायटीने पुढच्या वर्षी शिबिर घेतलंच तर तुम्ही स्वतः पुढे होऊन ही गोष्ट तिथे सांगा.

प्रश्न : आमची कंपनी अशा कामांना निधी देते. शेवटी आम्हाला एका पानात कळायला हवं की पैसे सत्कारणी लागले का. काय मागावं? (अंधेरी)

एका पानात मावेल. बीपी किंवा शुगर निघालेल्या एकूण बायका किती, वर्षाअखेरीस त्यातल्या कितीजणींचं आटोक्यात, कितीजणींचं नाही, कितीजणी हाती लागल्या नाहीत आणि का. किती शिबिरं, किती फोटो, किती पत्रकं, हे मागूच नका, कारण तुम्ही जे मागाल तेच लोक करतात. अमेरिकेत 1995 पासून गरीब, इन्शुरन्स नसलेल्या बायकांसाठी वाइजवुमन नावाचा सरकारी कार्यक्रम चालतो, कॅन्सरच्या तपासणीला आलेल्या बायकांचंच तिथे बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर बघतात, म्हणजे नव्याने गर्दी जमवायचा खर्चच नाही. आपल्याकडेही बायका जिथे आधीच येतात, बचत गटाची मीटिंग, रेशन, पोरांची शाळा, तिथे मशीन न्या. आणि माझी एक कळकळीची विनंती, मंडप आणि टी-शर्टचे पैसे कमी करून दुसऱ्या वर्षी फोन करायला, घरी जायला एका बाईचा पगार द्या. फेरतपासणीसाठी निधी द्यायला कुणीच तयार नसतं, म्हणून त्या 56 जणी हरवतात.

प्रश्न : परळला आमच्या संस्थेत जुन्या शिबिरांची रजिस्टरं ट्रंकेत पडून आहेत, 2018 पासूनची. आता त्याचा काही उपयोग होईल की रद्दीत घालावी?

अजिबात घालू नका! त्यात नावं आणि आजारपणं आहेत, ती रद्दीवाल्याकडे जाऊन त्याच्या भजीच्या पुड्या झाल्या तर त्या बायकांचा विश्वास कायमचा गेला. आणि उपयोग तर आहेच, पाच-सात वर्षांनी त्याच बाईचं बीपी परत मोजायला मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

सुरुवात अशी करा. तेव्हा ज्यांचं 140/90 च्या वर होतं अशा बायकांची नावं एका वहीत उतरवा आणि फोन लावायला लागा, दुपारी दोन ते चार, जेवणं आवरून पाणी यायच्या आधी. बरेच फोन लागणार नाहीत, त्यासमोर तारीख टाकून तसं लिहा, तीनदा प्रयत्न करा, मग पत्त्यावर जा. कोणी वारलेली असेल तर कधी, कशाने, घरच्यांना हळूच विचारा आणि तेही लिहा. आणि फोन लावायच्या आधी एक गोष्ट बघा. जुन्या रजिस्टरमध्ये बाईच्या नावापुढे जो मोबाइल नंबर असतो तो पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, तो कामावर असतो, "सांगतो तिला" म्हणतो आणि निरोप पोचत नाही. म्हणून ती स्वतः फोनवर आली की पहिलं विचारायचं, ताई, तुमच्या हातात असतो तो नंबर कोणता, आणि तो नवीन वहीत तिच्या नावासमोर लिहायचा.